काचेभोवतीचे रबर

गाडीच्या समोरच्या काचेचे जुने रबर काढायला घेतले, तेव्हा ते रबर म्हणावे असे काही उरलेलेच नव्हते. बोथट सुरीने कड उचलली की पापडासारखा मोडून तुकडा हातात येत होता. खालच्या बाजूची खोबण मोकळी झाल्यावर तिच्यात मी बोट फिरवले आणि बोटाला बारीक, करडा गाळ लागला. हा गाळ पंचगंगेचा होता, 2019 च्या ऑगस्टमधला. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी 43 फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पडवीत उभी असलेली अण्णांची प्रीमियर पद्मिनी काचेच्या खालच्या कडेपर्यंत बुडाली. पूर ओसरल्यावर आम्ही ती तीनदा धुतली, गाद्या उन्हात टाकल्या, पत्र्याच्या पोकळ भागांतला चिखल काढला. तरीही त्या खोबणीत शिरलेला गाळ सगळ्यांच्या नजरेतून सुटून इतकी वर्षे तिथेच राहिला होता.

अण्णांनी ही गाडी 1976 साली घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीच्या इंजिनाची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आणायची असे मी ठरवले. इंजिन, पत्रा आणि रंग यांची हकिकत मी इथे सांगत बसत नाही. ती कामे उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी केली, आणि ओतकामावर व लेथवर ज्या गावाच्या कित्येक पिढ्या जगल्या त्या गावात ती नीट होणार याची मला खात्री होती. रबराचे काम मात्र मेस्त्रींनी माझ्याकडे दिले. "रबराला येळ लागतोय, ताई. आमच्याकडं येळ न्हाई, तुमच्याकडं हाय," असे ते म्हणाले. ते अगदी खरे होते. त्यांच्या गॅरेजसमोर रोज चार गाड्या उभ्या असत, आणि माझ्यासमोर अख्खा उन्हाळा होता.

गाडीत रबर कुठे कुठे असते याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. काचांभोवती, दारांच्या चौकटीत, डिकीच्या कडेला, पायडलवर ही दिसणारी ठिकाणे झाली. पण इंजिन ज्यांवर टेकते ती माउंटिंगे, मागच्या पाट्यांच्या, म्हणजे पोलादी स्प्रिंगच्या, बुशा, रेडिएटरचे होज, ब्रेकच्या सिलिंडरमधले कप, पत्र्याच्या भोकातून वायर जाताना तिला कडेने कापले जाऊ न देणारे ग्रोमेट, असे लिहीत गेले तेव्हा वहीचे पान भरले आणि मागची बाजूही अर्धी भरली. लहानपणी दसऱ्याला अण्णांच्या खांद्यावर बसून मी दसरा चौकात यायची ती छत्रपतींची मेबॅक पाहायला. त्या भव्य गाडीच्या काचांनाही रबर असेल, हे त्या गर्दीत माझ्या काय कोणाच्याच मनात आले नसेल.

माल मिळवणे हे वेगळेच काम होते. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून हटली. टॅक्सी धावत होत्या तोवर या गाडीच्या रबराला रोजचे गिऱ्हाईक होते. आता ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात दुकान-दुकान विचारत फिरावे लागते, आणि हाती येते त्यात जुन्या साठ्यातला मालही असतो. तो दिसायला नवा, खोक्यात बंद, पण रबर न वापरताही म्हातारे होते. पट्टी दुमडून वळणाची बाहेरची बाजू उन्हात धरावी. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर पैसे परत घ्यावेत. ही परीक्षा मला दोनदा फसल्यानंतर कळली.

रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. आपल्या चंदगडहून तिलारीचा घाट उतरून दोडामार्गला गेले की रबराच्या बागा लागतात. खोडाला तिरपी चीर दिलेली असते आणि खाली बांधलेल्या वाटीत दुधासारखा चीक थेंबथेंब जमत असतो. हा चीक नुसता वाळवला तर उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक. गंधक मिसळून तापवले की त्याचा स्वभाव बदलतो, हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडले आणि 1844 मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. रबराचे लांबलचक रेणू एकमेकांवरून सुटे घसरत असतात. गंधक त्यांच्यात जागोजागी पूल बांधते, म्हणून ताणलेले रबर सोडताच मूळ जागी परत येते. पुढे वर्षानुवर्षे ऊन, उष्णता आणि हवा लागून त्यात नको तितके पूल बांधले जातात, आणि रबर कडक होत होत शेवटी पापडासारखे मोडते. माझ्या हातात आलेले तुकडे त्या अवस्थेला पोचलेले होते.

हे समजल्यावर रबराकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. पहिले काही दिवस ते बसत नाही म्हणून मी त्याच्यावर चिडत होते. पट्टी खोबणीत दाबावी, पुढे सरकावे, आणि मागची दाबलेली बाजू हलकेच वर उठावी. एका कोपऱ्यावर दोन दुपारी गेल्या. पण काचेभोवतीचे रबर पाणी अडवते ते याच उसळीच्या जोरावर. ते काचेवर आणि पत्र्यावर सतत रेटा देत राहते म्हणून फट राहत नाही. सहज, निमूट बसणारे रबर रेटा देत नाही आणि पाणी आत येते. ज्या हट्टामुळे ते बसायला त्रास देते, त्याच हट्टासाठी आपण ते विकत आणलेले असते. त्याचा हट्ट न मोडता त्याला जागेवर न्यायचे, एवढेच आपल्या हातात असते.

पहिली चूक मी ग्रोमेटच्या बाबतीत केली. इंजिन आणि आतली बाजू यांच्यामधल्या पत्र्यातून वायरींची जाडजूड जुडी जाते, आणि तिच्यासाठीचा ग्रोमेट आतून लावायचा तर डॅशबोर्डखाली पाठीवर झोपावे लागते. ग्रोमेटच्या कडेला गोल खाच असते. पत्र्याची कड त्या खाचेत बसली की काम झाले. एक बाजू बसे आणि दुसरी निसटे. शेवटी मी बोटाला इंजिन ऑइल लावले आणि ग्रोमेट तत्काळ आत गेला. मला फार आनंद झाला. तीन महिन्यांनी हात लावून पाहिला तर तो फुगून मऊ, बुळबुळीत झाला होता आणि खाच पत्र्यावरून सुटली होती. खनिज तेल नैसर्गिक रबरात शिरते आणि त्याला फुगवते. मेस्त्रींनी तो ग्रोमेट चिमटीत दाबून पाहिला आणि विचारले, "घरात एरंडेल न्हाई व्हय?" घरात होते. आईच्या फडताळात नेहमी असणारी ती बाटली आजही माझ्या कपाटात असते. वनस्पतीच्या बियांपासून निघालेले हे तेल नैसर्गिक रबराला बाधत नाही. पूर्वी ब्रेकचे ऑइलसुद्धा एरंडेलाच्या पायावर बनत असे, ते याच कारणाने. काचांसाठी मात्र मी औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन वापरले, कारण ते नंतर ओल्या फडक्याने सहज पुसून निघते.

दुसरा ग्रोमेट मी दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवला. मऊ झाल्यावर तो दोन बोटांत दुमडला, त्याची अर्धी कड पत्र्याच्या भोकातून पलीकडे सारली, आणि उरलेली कड बोथट पेचकसाच्या टोकाने एकेक चतुर्थांश फिरवत ओढून घेतली. शेवटी एक बारीकसा टक् आवाज आला. तो आवाज कानापेक्षा बोटाला जास्त कळतो. त्यानंतर गाडीतले सगळे ग्रोमेट बसवून झाले आणि प्रत्येक वेळी मी त्याच आवाजाची वाट पाहिली.

ब्रेकच्या कपांबद्दल मेस्त्रींनी मला एकच ताकीद दिली होती, आणि ती मी तंतोतंत पाळली: पेचकस लावायचा नाही, ब्रेक ऑइलशिवाय दुसरे काही लावायचे नाही, बोटांनीच बसवायचे. कपाच्या ओठाला नखाएवढा ओरखडा पडला तरी दाब तिथून निसटतो. याबाबतीत दुसरे मत असूच शकत नाही.

बुशांचे प्रकरण वेगळे आहे. दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये रबर घट्ट चिकटवलेले असते. बाहेरची नळी पाट्यात घट्ट बसते, आतली बोल्टने आवळली जाते, आणि गाडी खालीवर होते तेव्हा मधले रबर पिळते. त्यात सरकणे नसते, फक्त पीळ असतो. आमची गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असताना मी बोल्ट पूर्ण आवळून मोकळी झाले होते. मेस्त्री चहाला गेले होते; परत आले तसे त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा ढिले केले. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनाने खाली बसली की पाटा सरळ होतो. तेव्हाच बोल्ट आवळायचा. अधांतरी आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही दिवसरात्र तसेच राहते. "उभ्या उभ्या फाटतंय मग," मेस्त्री म्हणाले. गाडी खाली आली, आम्ही दोघांनी मागची बाजू चारपाच वेळा दाबून हलवली आणि मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

काच बसवण्याचा दिवस आम्ही मे महिन्यातला निवडला. रबर कडक असते ते थंडीत. कोल्हापूरच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता ते कणकेसारखे वळते. पट्टी मी चादरीवर सैल पसरून उन्हात ठेवली. ताणून मात्र ठेवली नाही, कारण ताणलेले रबर उष्णतेने सैलावत नाही, उलट आखडते. इंग्लंडमधल्या जॉन गॉफ नावाच्या अंध विद्वानाने 1805 मध्ये ही गोष्ट नोंदवली होती. रबराची पट्टी झटकन ताणून ओठांना लावली की ती कोमट लागते, हेही त्यानेच टिपले. मी भाच्याला एक जाड रबर बँड दिला आणि करून पाहायला सांगितले. त्याने डोळे मिटून ओठांना लावला आणि म्हणाला, "मावशी, खरंच गरम लागतंय गं."

काचेच्या रबराला दोन खोबणी असतात. आतल्या खोबणीत काच बसते, बाहेरच्या खोबणीत पत्र्याची कड. रबर आधी काचेभोवती चढवायचे. मग बाहेरच्या खोबणीत सगळीकडून दोरी भरायची, आणि तिची दोन टोके खालच्या कडेच्या मध्यावर एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. पहिल्या खेपेला मी सुतळी वापरली होती. तिचे तंतू खोबणीत अडकले आणि निम्म्यावर ती तुटली. नायलॉनची, कपडे वाळत घालायची गुळगुळीत दोरी हवी. काच बाहेरून चौकटीत टेकवायची. बाहेरच्याने दोन्ही तळव्यांनी दाब द्यायचा, आतल्याने दोरीचे एक टोक काचेच्या मध्याकडे, तिरपे ओढत जायचे. दोरी जिथून निघते तिथे रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उडी मारून आत येतो. बोटभर आत येतो, मग पुढचे बोटभर.

पहिली काच त्या दिवशी फुटली. तीन बाजू बसल्या होत्या, वरचा उजवा कोपरा बसेना, आणि मी बाहेर येऊन मुठीने दोन ठोके दिले. कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि वाकडी होत मध्यापर्यंत आली. काच लॅमिनेटेड होती म्हणून तिचे तुकडे विखुरले नाहीत. रेघ तेवढी तिथे राहिली. मी बराच वेळ बॉनेटला टेकून उभी होते. ती काच मुंबईहून गादीत गुंडाळून आणली होती. काढल्यावर चौकटीवर बोट फिरवले, तेव्हा त्याच कोपऱ्यात पत्र्याच्या कडेवर वेल्डिंगचा एक टिपका लागला, ज्वारीच्या दाण्याएवढा. रबराखाली तो दिसत नव्हता, आणि काचेचा सगळा भार त्या एका दाण्यावर येत होता. रंगकामाआधी पूर्ण चौकट बोटाने तपासायला हवी होती. मी कानशीने तो दाणा घासला, उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग लावला, आणि दुसऱ्या काचेसाठी तीन आठवडे थांबले.

दुसऱ्या वेळी ठोके द्यायचे नाहीत असे आम्ही आधीच ठरवले. भाचा बाहेर, मी आत, मेस्त्री दोरीकडे पाहत. कोपऱ्यावर रबराचा ओठ दुमडून आत वळला, तेव्हा सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराने दिलेली गुळगुळीत लाकडी पट्टी कामी आली. तो ती चामड्याची घडी सारखी करायला वापरतो. धार नसल्यामुळे रबर फाटत नाही. पट्टीला ग्लिसरीन लावून ओठाखाली सारली, हलकेच तिरपी केली, आणि दोरी सावकाश ओढली. मेस्त्री एवढेच म्हणत होते, "दमानं. दमानं." ओठ बाहेर आला. पूर्ण फेरीला पाऊण तास लागला, आणि शेवटचे टोक हातात आले तेव्हा माझ्या तळव्यांवर दोरीचे दोन लाल वळ होते. मेस्त्रींनी चारही कोपऱ्यांवर तळवा ठेवून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि चहा सांगितला.

दारांचे रबर मीटरवर मिळते आणि ते स्वतः कापायचे असते. मला वाटले होते की हे सोपे. डाव्या दाराचे रबर मी चौकटीभोवती जरासे ताणत चिकटवले, म्हणजे ते सरळ, नेटके दिसेल, आणि सांधा अगदी जुळवून कापला. तीन आठवड्यांनी सांध्यात नखाएवढी फट होती. ताणलेले रबर हळूहळू आपल्या लांबीवर परत जाते, आणि कोपऱ्यावर ताणून बसवले तर हवेतल्या ओझोनने तिथेच आधी चिरते. ताणाशी काटकोनात चिरा पडतात. म्हणून रबर ताणायचे नाही, उलट किंचित दाटून भरायचे, आणि शेवटी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त ठेवून दोन्ही टोके एकमेकांवर रेटायची. डाव्या दाराचे सगळे रबर मी सोडवले, गोंद खरवडला आणि नव्याने केले. उजवे दार पहिल्यांदाच बरोबर झाले.

नव्या रबराने दारे मिटेनात. डेंटर म्हणाला की कुलपाची पट्टी बाहेर सरकवू. मेस्त्रींनी नको म्हटले. आज पट्टी सरकवली तर रबर दबून बसल्यावर दार खडखडेल. त्याऐवजी रंगाला चिकटू नये म्हणून रबराला शंखजिऱ्याची पूड लावून, दारे जोर देऊन मिटून, गाडी पंधरा दिवस तशीच ठेवायची. या काळात मी रोज संध्याकाळी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार मिटत असे आणि ओढून पाहत असे. पट्टी अडली तर तिथे रबर दाबते आहे. सुळकन निघाली तर नाही. खालच्या मागच्या कोपऱ्यात ती सुळकन निघत होती. तिथे रबराखाली पातळ पट्टी घालून ते दोन मिलिमीटर उचलले, आणि दुसऱ्या दिवशी कागद फाटला पण निघाला नाही. सोळाव्या दिवशी दार एका हाताने, कानाला जड पण स्वच्छ अशा आवाजात मिटले. अण्णा दार लावायचे तेव्हा असाच आवाज यायचा. गाडीचा आवाज म्हणून मी जो लहानपणापासून ओळखत होते, त्यातला बराचसा रबराचा होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने धरले. मी गाडी राधानगरीच्या रस्त्याला घातली, भाचा शेजारी टॉर्च घेऊन. हळदीच्या पुढे पाऊस इतका वाढला की वायपर असून नसल्यासारखे झाले आणि मला गाडी झाडाखाली घ्यावी लागली. भाच्याने टॉर्च लावून खालच्या कडेवरून बोट फिरवत नेले, डावीकडून उजवीकडे, कोपऱ्यात वर, मग छताच्या कडेने परत. वरच्या उजव्या कोपऱ्याशी, जिथे पहिली काच फुटली होती, तो थांबला. "इथं ओलं आहे, मावशी." मी बोट लावले. थेंब नव्हता, नुसता दमटपणा, टिकलीएवढा. मी खिडकीची काच चार बोटे खाली केली, हात बाहेर काढून बाहेरचा ओठ चाचपला. एका जागी तो पत्र्यावर टेकण्याऐवजी किंचित उचललेला होता. लाकडी पट्टी घरी राहिली होती. पाऊस कमी होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, आणि त्या अर्ध्या तासात तो डाग टिकलीचा बंद्या रुपयाएवढा झाला नाही, हे मी दर पाच मिनिटांनी टॉर्च लावून पाहत होते.